चौकशीचा रिपोर्ट येईपर्यंत थांबू नका, ताई

ताई ऑस्ट्रेलियात, न्यू साउथ वेल्स राज्यातल्या एका छोट्या गावात राहतात. मिस्टर तिथल्या कौन्सिलमध्ये नोकरीला होते, तणांचा सर्व्हे करायला भाड्याच्या हेलिकॉप्टरमधून अगदी खालून उडत असताना विजेच्या तारेला धडक बसली आणि ते गेले, त्याला आता सोळा महिने झालेत. मुलगी नऊ वर्षांची. वर्कर्स कॉम्पचे (कामावर असताना इजा किंवा मृत्यू झाला तर मिळणाऱ्या भरपाईचे) पैसे मिळालेत, आणि सगळे म्हणतात की अपघाताच्या चौकशीचा फायनल रिपोर्ट आणि कोरोनरचं (मृत्यूचं कारण तपासणाऱ्या अधिकाऱ्याचं) काम होऊ दे, मग केसचं बघू. साताऱ्यात सासूबाई त्या दिवसापासून धड जेवत नाहीत, झोपत नाहीत, त्यांना काही मागता येतं का हेही ताईंनी विचारलंय.

ताई, आधी एकच गोष्ट मनात पक्की करा, तुमच्या हातात जेमतेम आठ महिने आहेत. इथे बाकी दुखापतीच्या दाव्यांना साधारण तीन वर्षं असतात आणि काही वेळा कोर्ट मुदत वाढवूनही देतं, त्यामुळे लोक (कधी कधी वकीलसुद्धा) तेच धरून चालतात. पण विमान-हेलिकॉप्टर कंपनीच्या जबाबदारीचा १९५९ चा वेगळा कायदा आहे, राज्यातल्या राज्यात उडणाऱ्यांना तो न्यू साउथ वेल्सच्या १९६७ च्या कायद्याने लागू होतो, आणि त्याच्या कलम ३४ नुसार दोन वर्षांत केस टाकली नाही तर हक्कच संपतो. नुसता उशीर झाला असं नाही, मागायलाच काही उरत नाही, मग जज कितीही कळवळला तरी त्याचे हात बांधलेले.

हे मी उगाच घाबरवायला सांगत नाहीये. फेब्रुवारी २००६ मध्ये पार्क्सजवळ अगदी असंच झालं होतं, कौन्सिलने भाड्याने घेतलेलं हेलिकॉप्टर तणांच्या सर्व्हेत तारेला धडकलं, पायलट आणि कौन्सिलचे दोन कर्मचारी गेले. त्यातल्या एकाची बायको, मुलगी आणि मुलगा यांनी मानसिक धक्क्याच्या भरपाईची केस टाकली, पण दोन वर्षं उलटल्यावर. हेलिकॉप्टर कंपनीविरुद्ध पहिल्या कोर्टात ती टिकली, अपिलात पडली, आणि ८ मे २०१९ ला इथल्या हायकोर्टाने (म्हणजे आपल्याकडच्या सुप्रीम कोर्टासारखं, सगळ्यात वरचं) सांगितलं की घरच्यांच्या धक्क्याचा दावासुद्धा याच कायद्यात बसतो, बाहेरून वेगळा आणता येत नाही, आणि दोन वर्षं गेली म्हणजे गेली. तो निकाल मी वाचला तेव्हा खूप वाईट वाटलं होतं, म्हणून तुमचं पत्र आल्या आल्या बाकी कामं बाजूला ठेवून हे लिहितोय.

आता रिपोर्टचं. तो कोणाची चूक हे ठरवायला नसतोच, परत असं होऊ नये म्हणून असतो, आणि २००३ च्या तपास कायद्याप्रमाणे तो दिवाणी केसमध्ये पुरावा म्हणून चालतही नाही. मग ज्याचा केसमध्ये उपयोग नाही त्यासाठी मुदत का घालवायची? शिवाय तो १९५९ चा कायदा लागला तर कंपनीची चूक सिद्ध करावी लागत नाही, प्रवासी अपघातात गेला एवढं पुरतं, फक्त रकमेला वरची मर्यादा असते. पण तो लागतो का हे हेलिकॉप्टर कंपनीचं लायसन्स कुठल्या प्रकारचं होतं आणि कौन्सिलशी करार काय होता यावर आहे, म्हणून ते दोन कागद वकिलाकडून आधी मागवून घ्या.

वर्कर्स कॉम्प घेतलं म्हणून दुसरा दावा बुडत नाही. मात्र दोन्ही पूर्ण ठेवता येत नाहीत, नंतर भरपाई मिळाली की आधीचे पैसे त्यातून वळते होतात, तेव्हा हातात नेमकं किती राहील हे वकिलाला आकड्यांत लिहून द्यायला सांगा. मुलीचा दावाही तुमच्याबरोबरच टाका, ती लहान आहे म्हणून तिचं नंतर बघू असं करू नका.

तारा ज्यांच्या त्यांचाही विचार करायला हवा. कमी उंचीवर उडणाऱ्यांसाठी तारांवर खुणा कशा लावायच्या याचं इथे वेगळं स्टँडर्ड आहे. त्या तारेवर खूण होती का, उड्डाणाआधी पायलटला तारांचा नकाशा दिला होता का, कौन्सिलने कामाआधी धोक्याचा कागद भरला होता का, हे आत्ता विचारा, नंतर कागद सापडत नाहीत. मिस्टरांच्या फोनमधले त्या आठवड्यातले मेसेज आणि फोटो डिलीट करू नका, फोन रिसेट तर अजिबात नको.

सासूबाईंचं: हेलिकॉप्टर कंपनीविरुद्ध वेगळा दावा २०१९ च्या निकालामुळे अवघड आहे, पण तारांच्या मालकाविरुद्ध न्यू साउथ वेल्सच्या २००२ च्या कायद्यात आई ही जवळची नातेवाईक धरली जाते. त्यासाठी नुसतं दुःख पुरत नाही, डॉक्टरांनी निदान केलेला मानसिक आजार लागतो. तेव्हा त्यांना साताऱ्यातच सायकियाट्रिस्टकडे न्यायला सांगा, आधी त्यांच्या तब्येतीसाठी आणि मग केससाठी, आणि प्रत्येक भेटीचा कागद तारखेसकट जपून ठेवा. मराठीतले कागद असतील, तुमचा लग्नाचा दाखला धरून, तर त्यांचं मान्यताप्राप्त भाषांतर याच महिन्यात करायला टाका, त्याला वेळ लागतो.