वाचकांचे प्रश्न : एवढा पाऊस पडूनही पानगळ का?

प्रश्न : आमच्या चिपळूण परिसरात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तरीही फाल्गुन-चैत्रात ऐन, किंजळ, नाणा ही झाडे उघडीबोडकी होतात. दक्षिण केरळच्या डोंगरांत साधारण एवढाच पाऊस असताना तिथले जंगल मात्र बारमाही हिरवे असते. असे का? आणि हवामान तापत गेले, तर आपली जंगले कुठे सरकतील?
– एक वाचक, चिपळूण

उत्तर : आपल्या निरीक्षणातच उत्तराची दिशा आहे. वर्षाकाठी किती पाऊस पडला, यापेक्षा झाडाला सलग किती महिने पावसाविना काढावे लागतात, ही गोष्ट सह्याद्रीतील जंगलाचे स्वरूप अधिक ठरवते. मोसमी पाऊस केरळात १ जूनच्या सुमारास पोहोचतो, कोकणात त्यानंतर आठवडाभराने किंवा थोडा अधिक उशिरा येतो आणि परतताना आधी उत्तरेकडूनच निघतो. शिवाय दक्षिण केरळला एप्रिल-मे महिन्यांतील वळीव आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमधील परतीचा पाऊसही चांगला मिळतो. त्यामुळे तिथे खऱ्या अर्थाने कोरडे महिने दोन-तीनच असतात, तर उत्तर सह्याद्रीत ते सात-आठांवर जातात. आपले तीन हजार मिलिमीटर चार महिन्यांत कोसळतात, आणि त्यांतील बराचसा भाग जांभ्यावरून वाहत वाशिष्ठी नदीला मिळतो. चैत्रातल्या झाडाला त्याचा काय उपयोग?

पानांच्या रंध्रांतून बाष्प बाहेर पडत असते आणि त्या ओढीने मुळांकडून पाणी वर चढते. जमीन सुकली की हा ताण वाढतो, लाकडातील जलवाहिन्यांत हवेचे बुडबुडे शिरतात आणि पाण्याची धार तुटते. ऐन किंवा साग पाने टाकून ही हानी टाळतो. त्याची पाने पातळ, थोड्या खर्चात तयार होणारी असल्याने ती दरवर्षी गमावणे त्याला परवडते. सदाहरित झाडाचे पान जाड, चिवट आणि ‘महाग’ असते. ते अनेक महिने, कधी काही वर्षे टिकले तरच त्याचा खर्च निघतो.

माझ्या मते मोठ्या झाडापेक्षाही त्याच्या रोपाकडे पाहिल्यास हे अधिक स्पष्ट होते. जांभळाचे बी ज्येष्ठात पडते, ते फार काळ जिवंत राहत नाही, त्यामुळे पावसाच्या सुरुवातीलाच त्याला रुजावे लागते. वीतभर वाढलेल्या त्या रोपट्यासमोर मग सात-आठ महिन्यांचा पहिला कोरडा काळ उभा राहतो, आणि जांभळाची सीमा बरीचशी तिथेच आखली जाते. देशावर जांभूळ प्रामुख्याने ओढ्याकाठी का दिसते, याचे कारण हेच. सागाचे कठीण कवचातील बी मात्र महिनोन् महिने वाट पाहू शकते. मग साग ओल्या प्रदेशातही सर्वत्र का पसरत नाही? कारण त्याच्या रोपाला भरपूर ऊन लागते आणि दाट सदाहरित छायेत ते तग धरत नाही. कोरड्या बाजूला झाडाची हद्द बहुधा तहान ठरवते, ओल्या बाजूला शेजाऱ्यांची सावली.

हे सारे एका दिवसात पाहायचे असेल, तर महाबळेश्वरहून वाईला उतरावे. साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस असलेल्या माथ्यावर अंजनी, जांभूळ, पिसा यांचे ठेंगणे, गच्च सदाहरित जंगल आहे. घाटमाथ्याच्या पर्जन्यछायेत तीसेक किलोमीटरवर वाईला पाऊस हजार मिलिमीटरच्याही खाली येतो आणि टेकड्यांवर धावडा, सालई, खैर दिसू लागतात. येथे आपण रास्त शंका घ्याल की महाबळेश्वरचा कोरडा काळही लांबच आहे. तो आहेच, म्हणून तिथे दक्षिणेतील उंच वृक्षांची दाटी नाही; परंतु उंचीमुळे हवा थंड राहते, धुके आणि दव यांमुळे बाष्पाची ओढ कमी होते, आणि अंजनीसारखी काटक जात तग धरते.

सर्व श्रेय हवामानाला देणे मात्र चुकीचे ठरेल. कासच्या सड्यावर पाऊस भरपूर आहे, पण मुळांना माती नाही, म्हणून जंगल नाही. आपल्याकडील पानगळीच्या रानांवरही राबासाठीची (भाताची रोपे करायच्या जागेवर जाळण्यासाठी फांद्यांची) तोड आणि वणवे यांची मोठी छाप आहे; शेजारच्या एखाद्या जुन्या देवराईत बकुळ, सुरंगी, रातांबा ही सदाहरित झाडे पाहिल्यावर ते लक्षात येईल.

आता तापमानाविषयी. जंगलांचे प्रदेश पूर्वीही बदलले आहेत: गुजरातमधील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत सुमारे पाच कोटी वर्षांपूर्वीचे अंबर मिळाले आहे, आणि ते साल वृक्षाच्या कुळातील झाडांच्या राळेपासून बनलेले आहे. म्हणजे आज कोरड्या असलेल्या त्या भागात तेव्हा दमट जंगल होते. मात्र अशा बदलांना लाखो वर्षे मिळाली. डोंगरावर दर हजार मीटरला तापमान साधारण सहा-साडेसहा अंशांनी उतरते. त्यामुळे एका अंशाच्या वाढीची भरपाई करण्यासाठी झाडांना सुमारे दीडशे मीटर वर जावे लागेल. महाबळेश्वरचे पठार सुमारे १,३७० मीटरवर आहे आणि तिथला सर्वांत उंच माथा, विल्सन पॉइंट, १,४३८ मीटरवर. अंजनीला वर जायला जागाच नाही. त्यामुळे तिथे पावसाच्या एकूण आकड्याइतकीच हिवाळ्या-उन्हाळ्यातील धुक्याची आणि दवाची नोंद ठेवली जाणे मला फार गरजेचे वाटते.