वाचक विचारतात : ढालीवरचा सैनिक

प्रश्न : सिडनीच्या हाइड पार्कमधल्या अँझॅक (पहिल्या महायुद्धातलं ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं सैन्यदल) स्मारकात एका मृत, विवस्त्र तरुणाचं ब्राँझ शिल्प आहे. युद्धस्मारकात गणवेशातला सैनिक का नाही? आणि त्याला ढालीवर का ठेवलं आहे?

उत्तर : शिल्पाचं नाव ‘सॅक्रिफाइस’, म्हणजे बलिदान. शिल्पकार रेनर हॉफ, वास्तुकार ब्रूस डेलिट. २४ नोव्हेंबर १९३४ रोजी स्मारकाचं लोकार्पण झालं.

ढालीचं मूळ स्पार्टात, म्हणजे प्राचीन ग्रीसमधल्या लढवय्या नगरराज्यात आहे. लढाईला निघालेल्या मुलाला तिथली आई बजावायची : ढाल घेऊन ये, नाहीतर ढालीवरून ये. पळणारा आधी जड ढाल टाकून देई, त्यामुळे ढालीसह परतणं म्हणजे पाठ न दाखवता परतणं. आणि जो मेला, त्याला सोबती ढालीवर घालून आणत. हा तरुण दुसऱ्या वाटेनं घरी आला आहे.

गणवेश चढवला की पलटण आली, हुद्दा आला, साल आलं. मग तो कुणीतरी एक माणूस होतो आणि बाकीच्यांच्या घरच्यांना त्यात आपला मुलगा दिसत नाही. गणवेश हॉफनं वगळले नाहीत, ते इमारतीच्या बाहेर आहेत. बाह्य भिंतींवर १६ बसलेल्या आणि ४ उभ्या मोठ्या आकृती आहेत. त्या भूदल, नौदल, हवाई दल आणि वैद्यकीय सेवेतल्या आहेत, त्यांत परिचारिकाही आहे. कोण कोण गेलं ते बाहेर कळतं, त्याची किंमत काय पडली ते आत.

आता हात पाहा. ते दोन्ही बाजूंना तलवारीवर पसरले आहेत. मूठ तलवारीवर आवळलेली नाही, तलवार हातांखाली आडवी आहे. त्यामुळे वरून पाहणाऱ्याला क्रूसाचा आकार दिसतो. ग्रीक ढाल आणि ख्रिस्ती क्रूस असे दोन संदर्भ एकाच देहात बसवले आहेत, आणि एकही ओढूनताणून आणलेला वाटत नाही. मान मागे कललेली आहे. झोपलेल्या माणसाची मान अशी पडत नाही.

प्रश्न : ते शिल्प वरून पाहायचं की खालून? छायाचित्रांत फक्त वरचा देह दिसतो.

उत्तर : दोन्हीकडून, आणि क्रम बदलू नका.

उत्तरेकडून, पाण्याच्या लांब तळ्याच्या बाजूनं जा. पायऱ्या चढल्यावर स्मृतिदालन लागतं. त्याच्या जमिनीत मधोमध गोल उघडी जागा आहे, भोवती कठडा. कठड्याशी उभं राहून खाली पाहायचं, म्हणजे मान आपोआप झुकते. डेलिटची ही योजना आम्हाला सगळ्या स्मारकातली सर्वांत हुशार वाटते, कारण नतमस्तक व्हायला कुणालाही सांगावं लागत नाही. इथून शिल्प जवळजवळ सपाट दिसतं : देह, तलवार, ढाल. बरेच जण इथंच छायाचित्र काढून निघून जातात आणि अर्धं शिल्प न पाहता परततात.

खाली मौनदालनात उतरा. तिथून कळतं की ढाल एका स्तंभावर आहे आणि तो स्तंभ म्हणजे पाठीला पाठ लावून उभ्या असलेल्या तीन स्त्रिया आहेत : आई, बहीण आणि तान्ह्या बाळाला घेतलेली पत्नी. ग्रीक मंदिरांत छपराचा भार पेलणाऱ्या स्त्रीमूर्ती असतात, तीच रचना इथं आहे. फरक भाराचा. छपराच्या जागी इथं मेलेला मुलगा आहे. चेहऱ्यांवर आक्रोश नाही, अश्रू नाहीत. भार पेलताना माणूस जसा ताठ होतो, तसा ताठपणा आहे. एक पूर्ण फेरी मारा, कारण कुठल्याही एका जागेवरून तिघी नीट दिसत नाहीत.

उजेडाबद्दल थोडं. दालनाच्या खिडक्यांची काच पिवळसर, अंबर रंगाची आहे. सकाळी पूर्वेकडून आणि दुपारनंतर पश्चिमेकडून येणारा प्रकाश ब्राँझला ऊब देतो. सिडनीत मध्यान्हीचा सूर्य उत्तरेला असतो, त्यामुळे तळ्याकडची बाजू बाहेरून दुपारीही उजळलेली सापडते. प्रवेशाला पैसे लागत नाहीत. म्युझियम रेल्वे स्थानक अगदी जवळ आहे.

प्रश्न : या स्मारकासाठी आणखी दोन शिल्पं ठरली होती असं वाचलं. ती कुठं गेली?

उत्तर : ती ब्राँझपर्यंत पोहोचलीच नाहीत. पूर्व आणि पश्चिमेच्या मोठ्या खिडक्यांबाहेर दोन शिल्पसमूह बसायचे होते. पूर्वेला ‘१९१४ : संस्कृतीचं क्रूसारोहण’, पश्चिमेला ‘बलिदानानंतरचा विजय, १९१८’. पहिल्यात शांततेचं रूप असलेली विवस्त्र तरुणी क्रूसावर होती आणि तिच्या पायाशी प्रेतांचा ढीग. क्रूसावर नग्न स्त्री दाखवण्याला कॅथलिक धर्माधिकाऱ्यांनी १९३२ मध्ये कडाडून विरोध केला. पैशांचीही ओढाताण होतीच. दोन्ही बेत सोडले गेले.

विजयाच्या शिल्पाची उणीव आम्हाला भासत नाही. ते झालं असतं तर तिघींच्या डोक्यावरचा भार उतरल्यासारखा वाटला असता. १९१४ चं शिल्प मात्र व्हायला हवं होतं. युद्ध सुरू झालं त्याच क्षणी काय मेलं, हे सांगणारा तो एकमेव भाग होता. त्याशिवाय आतलं बलिदान कशामुळे घडलं हा प्रश्न स्मारकात अनुत्तरित राहतो.

प्रश्न : मृतांची नावं कुठं कोरली आहेत?

उत्तर : डेलिटच्या रचनेत नावांच्या भिंती नाहीत. स्मृतिदालनाच्या घुमटाला सुमारे १,२०,००० सोनेरी तारे लावले आहेत. पहिल्या महायुद्धात न्यू साउथ वेल्समधून, म्हणजे सिडनी ज्यात आहे त्या राज्यातून गेलेल्या प्रत्येक स्त्री-पुरुषासाठी एक. म्हणजे परतलेल्यांचेही तारे त्यांत आहेत. २०१८ मध्ये दक्षिणेकडे धबधब्याची पायवाट आणि नवं सेवादालन झालं. तिथं फियोना हॉल यांच्या कलाकृतीत १,७०१ ठिकाणांची माती मांडली आहे. सैन्यात भरती होताना लोकांनी ज्या गावांचे, वस्त्यांचे पत्ते दिले, त्या ठिकाणांची ही माती.

प्रश्न : हे ब्राँझ इतकं एकसारखं गडद कसं राहिलं? आमच्या चौकातल्या ब्राँझ स्मारकावर हिरवे ओघळ आणि काळे चट्टे आहेत. सोनेरी रंग मारावा का?

उत्तर : ‘सॅक्रिफाइस’ छपराखाली आहे, हे पहिलं कारण. उघड्यावरच्या ब्राँझवर पाऊस सगळीकडे सारखा वाहत नाही. जिथून पाणी धावतं तिथला थर धुपून फिकट हिरवा होतो. हनुवटीखाली, वस्त्रांच्या चुण्यांत पाणी पोहोचत नाही, तिथं काजळी आणि क्षार साचून काळं कवच बनतं. विरघळलेलं तांबं खालच्या फिकट दगडात मुरतं, ते ओघळ मग निघता निघत नाहीत.

सोनेरी रंग मुळीच नको. रंगाच्या थराखाली ओल अडकते, गंज दिसेनासा होतो आणि बोटं-पापण्यांचे बारकावे बुजतात. ऍसिड, अमोनियायुक्त द्रव आणि धातू चकाकवणारी पॉलिशंही वर्ज्य. ती मळासोबत मूर्तिकारानं दिलेला रंगथरही काढतात.

आधी तपासणी करा. फिकट हिरवी भुकटी दिसली तर मऊ ब्रशनं झाडून तिची जागा लिहून ठेवा. दमट हवेत काही दिवसांत ती पुन्हा उगवली, तर क्लोराइडमुळे, म्हणजे मिठातल्यासारख्या क्षारांमुळे धातू आतून खाल्ला जातो आहे. समुद्राजवळ हे जास्त होतं, आणि हे काम धातुसंवर्धकाचंच. तांबूस ओघळ दिसले तर आतला लोखंडी सांगाडा किंवा खिळा गंजतोय. गंजलेलं लोखंड फुगतं आणि ब्राँझला चीर पाडतं. मूर्तीच्या तळाशी पाणी निघायची छिद्रं असतात, ती मातीनं किंवा सिमेंटनं बुजलेली नाहीत ना, ते पाहा. ही एवढीशी गोष्ट सर्वांत जास्त दुर्लक्षित राहते.

यांतलं काही नसेल तर धुणं तुम्ही करू शकता. बादलीभर पाण्यात नॉन-आयोनिक (विद्युतभार नसलेल्या, सौम्य) डिटर्जंटचे मोजके थेंब आणि मऊ केसांचा ब्रश. धुताना खालून वर जा, म्हणजे कोरड्या भागावर मळके ओघळ बसत नाहीत. साधं पाणी मात्र वरून खाली सोडा. पूर्ण सुकू द्या, चुण्यांतलं पाणी फडक्यानं टिपा. मग मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा (पेट्रोलियमपासून बनणारं, बारीक स्फटिकांचं मेण) अगदी पातळ हात. धातू उन्हानं कोमट झालेला असताना मेण चांगलं पसरतं. जाड थर दिला तर तो पांढुरका पडतो आणि धूळ धरतो. थर बसल्यावर सुती कापडानं घासून घ्या. वर्षातून एकदा पुरे, खाऱ्या हवेत दोनदा.

दर वेळी धुण्याआधी त्याच चार जागांवरून, दिवसाच्या त्याच वेळी छायाचित्रं काढून तारीख घाला. चीर वाढते आहे की आहे तेवढीच, हे दोन वर्षांची छायाचित्रं शेजारी ठेवल्यावर लगेच कळतं.