नाशिकरोडला चारचाकीशिवाय राहून ठाण्याचे ऑफिस: घर कुठे बघावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: ऑफिस ठाण्यात, आठवड्यातून तीन दिवस जायचे, घरात चारचाकी नाही आणि घ्यायचीही नाही, बायको आणि शाळकरी मुलगी सोबत. नाशिकला बिऱ्हाड हलवले तर रोजचे व्यवहार पायी उरकतील का? आणि गंगापूर रोडला एक फ्लॅट पसंत पडला आहे.

तो फ्लॅट आधी यादीतून काढा. फ्लॅट चांगलाच असेल, पण रेल्वे स्टेशन नाशिकरोडला आहे आणि तिथून सीबीएस, म्हणजे शहरातला मध्यवर्ती बस स्टँड, नऊ-दहा किलोमीटर. गंगापूर रोड त्याच्याही पलीकडे. सकाळी सातची गाडी धरायची तर सहाच्या आधी रिक्षा शोधायला लागेल, आणि रात्री दहाला परतताना पुन्हा तेच. मग पायी जगण्याचा विषयच संपला. नाशिकरोड आणि नाशिक ही दोन वेगळी गावे आहेत असे धरून घर बघा.

आता रेल्वेगाडीचे गणित, कारण घराचा निर्णय त्यावरच ठरतो. पंचवटी एक्सप्रेस १ नोव्हेंबर १९७५ पासून धावते आहे आणि चाकरमान्यांची गाडी आजही तीच. मनमाडहून निघून नाशिकरोडला सातच्या आसपास, कल्याणला साडेनऊ, ठाण्याला दहाच्या थोडे आधी, सीएसएमटीला पावणेअकराच्या सुमारास. संध्याकाळी सीएसएमटीहून सव्वासहाला सुटते, ठाण्याला पावणेसातनंतर, नाशिकरोडला दहाच्या आत-बाहेर. (पाच-दहा मिनिटे वेळापत्रकात इकडेतिकडे होत राहतात, चालू वेळा बघून घ्या.) यात एक गंमत आहे. ऑफिस ठाण्यात असो वा फोर्टात, घराबाहेरचा दिवस तेवढाच: साडेसहाला दाराबाहेर, दहाला दारात, म्हणजे साडेपंधरा तास. फरक हा की फोर्टवाल्याला मुंबईत जेमतेम साडेसात तास मिळतात, तुम्हाला ठाण्यात जवळजवळ नऊ. पूर्ण शिफ्ट भरते, साहेबाची मिनतवारी करावी लागत नाही. अट एकच: सव्वासहाला खुर्ची सोडायची. 'शेवटची पाच मिनिटे' म्हणून मीटिंगला बसलात की पंचवटी गेली. मागून विदर्भ, पंजाब मेल, देवगिरी अशा गाड्या आहेत, पण त्या लांब पल्ल्याच्या. जनरल डब्यात पाय ठेवायला जागा नसते, आरक्षित डब्यात पास चालत नाही, आणि नाशिकरोडला उतरेपर्यंत साडेदहा ते एक काहीही वाजते. वंदे भारत मुंबईला दुपारी पोहोचते, ऑफिसच्या कामाची नाही.

पास काढताना नाशिकरोड ते ठाणे एवढाच काढा, सीएसएमटीपर्यंतचे पैसे कशाला? त्यात सुपरफास्टचा अधिभार भरलेला हवा, नाहीतर पास असूनही दंड बसतो. तीन महिन्यांचा पास महिन्याच्या २.७ पट पडतो, पण तीनच दिवस जाणार असाल तर आधी पाससोबत सुट्या तिकिटांचाही हिशोब करा. पासधारकांचे डबे ठरलेले असतात. बसायच्या जागांचे अलिखित नियम असतात, पहिले काही दिवस ते निमूट पाळा. सी-३ या पासधारकांच्या डब्याची शिस्त तर एकेकाळी बरीच गाजली होती. सोमवार सकाळ आणि शुक्रवार संध्याकाळ टाळता आली तर मंगळवार ते गुरुवार हे दिवस मागून घ्या. ठाण्याला गाडी भरूनच येते, त्यामुळे परतीच्या प्रवासात आरक्षित खुर्चीची किंमत कळते.

आता घर. नाशिकरोडला चालत जगता येते हे खरे, पण स्टेशनपासून साधारण एक ते सव्वा किलोमीटरच्या आतच. ब्रोकर 'स्टेशनपासून पाच मिनिटं' म्हणतो ती पाच मिनिटं स्कूटरची असतात. आपण मिनिटाला साधारण ८० मीटर चालतो, म्हणजे किलोमीटरला बारा-तेरा मिनिटे. त्यात फलाटावर पोहोचायला आणि पूल चढून उतरायला पाच मिनिटे धरा. अंतर नकाशावर सरळ रेषेत मोजू नका. रेल्वेची लाईन आणि पुणे महामार्ग दोन्ही आडवे येतात, वळसा पडतोच.

मुक्तिधाम, बिटको चौक, देवळाली गाव हा पट्टा पायी माणसासाठी सगळ्यात सोयीचा. भाजी, किराणा, मेडिकल, बँका, पिठाची गिरणी, शिंपी, सगळे हाकेच्या अंतरावर. महापालिकेचे बिटको रुग्णालय आणि बिटको कॉलेजही याच बाजूला. जेल रोड, जयभवानी रोड, उपनगर इथे घरे मोकळी आणि नवी, दुकाने खालीच मिळतील. पण स्टेशनसाठी रिक्षा लागणार. सिन्नर फाट्याच्या बाजूला भाडे कमी असते, तिकडूनही फलाटावर येता येते, मात्र मुलीची शाळा आणि बाजार बिटकोकडे असेल तर घरच्यांना रोज लाईन ओलांडावी लागेल. तुमच्या सोयीपेक्षा त्यांची चाल जास्त मोजा, कारण तुम्ही तीन दिवस चालणार, त्या रोज.

देवळाली कॅम्पही (वरचे देवळाली गाव वेगळे) बघायला हरकत नाही. लॅम रोडची झाडे आणि शांतता बघून माणूस विरघळतो, पंचवटी तिथे थांबते. पण रात्रीच्या सगळ्या गाड्या थांबत नाहीत. पंचवटी चुकली की नाशिकरोडहून रिक्षा करायची तयारी ठेवा.

घर दिवसा दुपारी बघून पसंत करू नका. डिसेंबरअखेरीस सूर्य सातनंतर उगवतो, म्हणजे त्या दिवसांत जाताना अंधार आणि येतानाही अंधार. रात्री दहाला स्टेशनपासून त्या दारापर्यंत एकदा चालून या आणि चार गोष्टी बघा: गल्लीतले दिवे लागतात का, कुत्र्यांचा घोळका कुठल्या वळणावर बसतो, फुटपाथ खरेच चालण्याजोगा आहे की त्यावर स्कूटर आणि हातगाड्या आहेत, आणि महामार्ग नेमका कुठे ओलांडता येतो. बिटकोजवळ फुटपाथचे ब्लॉक मध्येच उखडलेले, गटाराचे झाकण एक बोट वर आलेले असते. अंधारात पाय अडकतो तो तिथेच. पावसाळ्यात बूट पिशवीत आणि पायात रबरी सँडल, हे रोजचे.

पावसाचे एक नीट समजून घ्या, बाहेरून आलेल्यांची इथेच फसगत होते. नाशिकरोडला पाऊस बेताचा, इगतपुरी-कसाऱ्याला मात्र कोसळत असतो. तुमच्या अंगणात ऊन असताना घाटात दरड आल्याने गाडी अडकलेली असते, किंवा कल्याणच्या पुढे रुळांवर पाणी असते. घाटाचा चढ १:३७, म्हणजे दर ३७ मीटरला एक मीटर. परतताना कसाऱ्याला मागून बँकर इंजिने जोडून गाडी वर ढकलतात, त्यामुळे तिथे गाड्यांची रांग लागली की उशीर वाढतच जातो. जुलै-ऑगस्टमध्ये निघण्याआधी गाडी मनमाडहून सुटली का एवढेच न बघता घाटाची खबर घ्या. पर्याय म्हणून कसाऱ्यापर्यंत शेअर टॅक्सी आणि पुढे लोकल हा मार्ग आहे. टॅक्सी नाशिक शहरातल्या द्वारका-मुंबई नाका भागातून मिळते, म्हणजे आधी तिथवर जावे लागते. दरड रस्त्यावर आली असेल तर तोही बंद. अशा दिवशी घरून काम करण्याची सवलत आधीच लेखी मागून ठेवा.

शहरात जायला सिटीलिंकच्या बस आहेत, नाशिकरोड-निमाणी पट्ट्यावर बऱ्या मिळतात. शालिमारकडे शेअर रिक्षाही. रात्री उशिरा दोन्हींचा भरवसा धरू नका.

घरमालकाला दोन प्रश्न विचाराच: नळाला पाणी किती वाजता येते, आणि घंटागाडी किती वाजता. दोन्ही सकाळी तुम्ही बाहेर पडल्यावर येत असतील तर सगळा भार घरच्या माणसावर पडतो. इमारतीला खालची टाकी आणि पंप असेल तर पाण्याचा प्रश्न सुटतो.

घर लगेच विकत घेऊ नका. अकरा महिन्यांचा भाडेकरार जूनपासून सुरू करा, म्हणजे पावसाळा आणि थंडी दोन्ही त्यात येतात. शिवाय २०२७ च्या सिंहस्थात पर्वणीच्या दिवसांत नाशिकरोड स्टेशन आणि तिथला रस्ता यात्रेकरूंनी भरलेला असेल. त्या तारखांना ठाण्याला जायचे कामच ठेवू नका.