नव्या वेबसाइटला लिंक केव्हापासून मिळवाव्यात?

प्रश्न : काटोल तालुक्यात आमची संत्र्याची बाग आहे. घरची संत्री पेटीने थेट ग्राहकाला पाठवता यावीत म्हणून यंदा जूनमध्ये आम्ही वेबसाइट सुरू केली. ती करून देणारे म्हणतात की, पहिले सहा महिने दुसऱ्या साइटवरून एकही लिंक घेऊ नका, गूगलला संशय येतो. एका एजन्सीने मात्र महिन्याभरात पाचशे बॅकलिंक (दुसऱ्या साइटवरून आपल्याकडे येणाऱ्या लिंक) लावून देतो, आजच सुरुवात करा, असे सांगितले आहे. आमचा अंबिया बहार ऑक्टोबरपासून निघेल. कोणाचे ऐकावे? (एक बागायतदार, धरमपेठ, नागपूर)

उत्तर : या बाबतीत दोघांचेही ऐकू नये. साइट सहा महिन्यांची झाल्याशिवाय लिंक घेऊ नये, असा कोणताही नियम गूगलने घातलेला नाही. सर्च इंजिनाला नवी पाने सापडतात तीच मुळात दुसऱ्या पानांवरच्या लिंकमधून, त्यामुळे पहिल्या आठवड्यात मिळालेली खरी लिंकही उपयोगाचीच असते. लिंक कधी घ्यावी हे साइटच्या वयावरून ठरत नाही. त्या लिंकवरून आलेल्या माणसाला आपल्या पानावर काय मिळणार आहे, यावरून ठरते.

पत्रासोबत आपण पत्ता दिला होता, म्हणून आपली साइट मी मोबाइलवर उघडून पाहिली. वर ‘अस्सल नागपुरी संत्री’ असे ठळक अक्षरांत लिहिले आहे, खाली दोन छायाचित्रे आणि ऑर्डरचे बटण आहे, आणि ‘आमच्याविषयी’ दाबले की ‘लवकरच येत आहे’ एवढेच दिसते. पानांचे पत्ते प्रश्नचिन्ह आणि आकडा असे आहेत. सर्वांत काळजीची गोष्ट मला संगणकावर पानाचा सोर्स, म्हणजे पानामागचा कोड, उघडल्यावर दिसली. त्यात ‘नोइंडेक्स’ ही सूचना तशीच राहून गेली आहे. वर्डप्रेस या वेबसाइट बनवण्याच्या प्रणालीत साइट तयार होत असताना सर्च इंजिनांना ती दाखवू नये, अशी एक खूण करता येते. काम संपल्यावर ती काढायला आपले डेव्हलपर विसरलेले दिसतात. ही खूण असेपर्यंत पाचशे काय, पाच हजार लिंक आल्या तरी आपले पान गूगलच्या निकालांत दिसणार नाही. ती आजच काढून घ्यावी, सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या सेवेत साइटची नोंद करून साइटमॅप, म्हणजे साइटवरील पानांची यादी, द्यावा, आणि पानांचे पत्ते एकदाच विचार करून कायमचे ठरवावेत, कारण लिंक मिळाल्यानंतर पत्ता बदलला आणि जुन्या पत्त्यावरून नव्याकडे वळवण्याची सोय केली नाही, तर त्या लिंकवरून येणारा माणूस ‘पान सापडले नाही’ या सूचनेपाशी अडकतो आणि लिंकचा लाभही तेथेच संपतो.

एवढे झाले की ओळखीच्या लिंक लगेच घ्याव्यात. ज्यांच्याकडून आपण पेट्या घेता, ज्या शेतकरी गटात आपण आहात, त्यांची साइट असेल आणि तेथे ग्राहकांची किंवा सभासदांची नावे दिली जात असतील, तर आपल्या नावाला पत्ता जोडण्याची विनंती करावी. त्यांचा-आपला व्यवहार खरा आहे, म्हणून ती लिंकही खरी आहे.

अनोळखी माणसाकडे लिंक मागण्याची वेळ मात्र अजून आलेली नाही, कारण त्याने दाखवावे असे पान आपल्याकडे नाही. नागपुरी संत्र्याला २०१४ साली भौगोलिक मानांकन मिळाले, ही माहिती असंख्य ठिकाणी आहे. ती पुन्हा लिहिल्याने कोणी लिंक देणार नाही. आपण रोज जे करता ते लिहावे. अंबियाची फुले जानेवारी-फेब्रुवारीत येतात आणि फळ दिवाळीच्या आगेमागे निघते, मृग बहाराची फुले पावसाच्या तोंडावर येतात आणि फळ फेब्रुवारीपासून मिळते. बहार धरण्यासाठी झाडाला ताण का देतात, म्हणजे काही काळ पाणी का तोडतात, दोन्ही बहारांच्या चवीत फरक का पडतो, पेटी पुण्याला पोहोचल्यावर फळे कशी ठेवावीत, हे बागेतल्या छायाचित्रांसह सांगणारे एक पान तयार करावे. पाककृती लिहिणारे, शेतीविषयक मजकूर देणारे आणि घरपोच फळे मागवणारे अशा पानाकडे आपल्या वाचकांना आनंदाने पाठवतात. पोळा आणि तान्हा पोळा आटोपेपर्यंत हे पान पूर्ण करावे आणि गणपतीच्या दिवसांत, त्यांचे लेखन वाचून, निवडक दहा-पंधरा जणांना स्वतः पत्र लिहावे. लिंक मिळाल्यावर तिचा परिणाम दिसायला आठवडे, कधी महिनेही जातात. म्हणून यंदाच्या अंबियाचे ग्राहक मुख्यतः ओळखीतून आणि व्हॉट्सअ‍ॅपवरून येतील असे धरून चालावे. मृगही धरला असेल, तर फेब्रुवारीत गूगलकडून येणारे ग्राहक दिसू लागण्याची आशा ठेवता येईल.

आता पाचशे लिंकविषयी. १९९८ साली गूगलचे संस्थापक लॅरी पेज आणि सर्गेई ब्रिन यांनी लिंककडे शिफारस म्हणून पाहिले आणि शिफारस करणाऱ्या पानाच्या वजनानुसार तिची किंमत ठरवली. शिफारसी विकत मिळू लागल्यावर गूगलने २४ एप्रिल २०१२ रोजी अशा लिंकना आळा घालणारी पेंग्विन ही सुधारणा आणली, आणि २०१६ पासून ती मुख्य यंत्रणेचाच भाग आहे. आज असल्या लिंक बहुतेक वेळा हिशेबातच धरल्या जात नाहीत, म्हणजे पैसे वाया जातात. प्रकरण वाढले तर गूगलची माणसे थेट कारवाई करतात आणि तशी सूचना सर्च कन्सोलमध्ये येते. माझ्या परिचयातील एका मसाला विक्रेत्याला अशा खरेदीनंतर जी यादी मिळाली, तिच्यात जुगाराच्या आणि परकीय भाषांतल्या ओसाड साइट होत्या. तिखट-मसाल्याचे गिऱ्हाईक फिरकेल असे एकही ठिकाण तिच्यात नव्हते. कष्टाने पिकवलेल्या मालाचा पैसा असा जाऊ नये, असे मला मनापासून वाटते. जाहिरात म्हणून पैसे देऊन लिंक घेण्यास हरकत नाही, मात्र तिला कोडमध्ये ‘स्पॉन्सर्ड’ (पैसे देऊन घेतलेली) अशी खूण लावून घ्यावी.

प्रश्न : आमच्या शिकवणी वर्गाच्या वेबसाइटचे डोमेन, म्हणजे तिच्या पत्त्यातले मुख्य नाव, दिवाळीनंतर बदलायचे आहे. तोवर लिंक मिळवण्याचे काम चालू ठेवावे का? (एक शिक्षिका, नंदनवन, नागपूर)

उत्तर : नव्या लिंक मागणे थांबवावे आणि शक्य असल्यास डोमेन दिवाळीआधीच बदलून घ्यावे. जुन्या साइटचे प्रत्येक पान नव्या साइटवरील त्याच पानाकडे कायमस्वरूपी म्हणजे ३०१ रीडायरेक्टने वळवावे. सगळी पाने मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. ही सोय किमान वर्षभर ठेवावी असे गूगल सुचवते, त्यामुळे जुने डोमेन सोडून न देता त्याचे नूतनीकरण करावे. ज्यांनी आधी लिंक दिली आहे त्यांना नवा पत्ता कळवून बदल करण्याची विनंती करावी, आणि त्यानंतरच नव्या लोकांकडे जावे.