एआयएसच्या ओळीत यंत्राने भरलेले काय आणि माणसाने भरलेले काय

गोव्यातल्या चिखलीहून आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. साध्या आरटीएल-एसडीआर डोंगलवर (संगणकाला लावायच्या छोट्या रेडिओ रिसीव्हरवर) जहाजांचे एआयएस संदेश, म्हणजे जहाजे आपली ओळख आणि जागा रेडिओवरून आपोआप सांगतात ते संदेश, मिळू लागले, पण काही जहाजे १८१ रेखांशावर दिसतात, बऱ्याच जहाजांना नावच नाही, आणि खिडकीतून झुआरी नदीत दिसणारी बार्ज पडद्यावर उमटत नाहीत. डिकोडर, म्हणजे संदेश उलगडणारा प्रोग्रॅम, स्वतः लिहिला आहे, तो बरोबर चालतो की नाही हे ताडायचे कसे?

यातल्या बहुतेक गोष्टी बिघाड नाहीत. एआयएसच्या संदेशात तीन तऱ्हेची माहिती एकत्र येते. काही यंत्राने मोजलेली असते, काही खलाशाने हाताने भरलेली असते, आणि काही जागा "माहिती नाही" असे सांगणाऱ्या ठरावीक आकड्याने भरलेल्या असतात. नकाशा या तिन्हींना एकाच रंगात रंगवतो, आणि गोंधळ तिथूनच सुरू होतो. म्हणून माझे सांगणे असे की तयार सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवण्याआधी निदान एक ओळ कागद-पेन्सिल घेऊन सोडवाच.

आधी हवेतले पाहू. एआयएस १६१.९७५ आणि १६२.०२५ मेगाहर्ट्‌झ या दोन वाहिन्यांवर चालते. दोघींमध्ये ५० किलोहर्ट्‌झचेच अंतर आहे, त्यामुळे डोंगल १६२.००० वर लावला की दोन्ही एकदम मिळतात. वेग सेकंदाला ९,६०० बिट. प्रत्येक वाहिनीवर एका मिनिटाचे २,२५० तुकडे पाडलेले असतात, आणि आपला तुकडा कोणता हे जहाजे कुणालाही न विचारता एकमेकांचे ऐकून ठरवतात. एक तुकडा जेमतेम २६.७ मिलिसेकंदांचा. वॉटरफॉलवर, म्हणजे सिग्नल दाखवणाऱ्या सरकत्या चित्रावर, दिसणारे बारीक ठिपके ते हेच.

डिकोडरमधून बाहेर येणाऱ्या ओळीत स्वल्पविरामांच्या मधे जो अगम्य अक्षरांचा पट्टा असतो, तो खरा माल. त्यातले प्रत्येक अक्षर म्हणजे सहा बिट. अक्षराचा आस्की आकडा (संगणकात त्या अक्षराला दिलेला ठरावीक क्रमांक) घ्या, त्यातून ४८ वजा करा. उत्तर ४० पेक्षा मोठे आले तर आणखी ८ वजा करा. बस, एवढेच.

सरावासाठी एक बनावट सुरुवात देतो: एक, सहा, प्रश्नचिन्ह, मोठ्या लिपीतला यू, लहान एफ, लहान एच, एक. आस्की आकडे अनुक्रमे ४९, ५४, ६३, ८५, १०२, १०४, ४९. वजाबाकीनंतर १, ६, १५, ३७, ४६, ४८, १. प्रत्येकाचे सहा बिट लिहून सलग मांडा:

०००००१ ०००११० ००११११ १००१०१ १०१११० ११०००० ०००००१

सात अक्षरे म्हणजे बरोबर ४२ बिट. पहिले सहा संदेशाचा प्रकार सांगतात. इथे १, म्हणजे मोठ्या जहाजाचा स्थानसंदेश. पुढचे दोन बिट पुनःप्रक्षेपणाचे, ते शून्य. त्यानंतरचे ३० बिट म्हणजे जहाजाचा एमएमएसआय, म्हणजे नऊ अंकी रेडिओ-ओळख क्रमांक, तो इथे ४१९०००००० निघतो. सुरुवातीचे ४१९ भारताचे. उरलेले चार बिट जहाजाची स्थिती सांगतात. १ म्हणजे नांगरलेले, ० म्हणजे इंजिनावर चाललेले, ५ म्हणजे धक्क्याला बांधलेले, ७ म्हणजे मासेमारीत गुंतलेले.

यापुढे वळण्याचा दर ८ बिट, वेग १० बिट, अचूकतेचा १ बिट, मग रेखांश २८ आणि अक्षांश २७ बिट. वेग नॉटच्या दहाव्या भागात असतो. रेखांश-अक्षांश मिनिटाच्या दहा हजाराव्या भागात असतात, म्हणून मिळालेल्या आकड्याला ६,००,००० ने भागायचे. ४,४२,८०,००० आले तर ७३.८ अंश पूर्व, ९२,४०,००० आले तर १५.४ अंश उत्तर. ही जागा मुरगाव बंदराच्या आसपासची.

आता डिकोडर ताडण्याबद्दल. हे आकडे चिन्हांकित असतात, म्हणजे पहिला बिट १ असेल तर संख्या ऋण. आपण पूर्व रेखांशावर आणि उत्तर अक्षांशावर असल्यामुळे इथली प्रत्येक जागा धन येते, आणि ऋण संख्या वाचण्यातली चूक गोव्यात बसून वर्षानुवर्षे लपून राहू शकते. तपासायचे ते वळण्याच्या दराच्या खान्यात. ज्या जहाजावर तो दर मोजणारे यंत्र नाही, ते तिथे -१२८ पाठवते. तुमचा डिकोडर त्या जागी १२८ दाखवत असेल तर चिन्हाचे गणित चुकले आहे. तयार प्रोग्रॅम-लायब्ररीशी, उदाहरणार्थ पायथनमधल्या पायएआयएसशी, काही शेकडा ओळी जुळवून पाहा, पण ही परीक्षा आधी करा.

ओळीच्या शेवटी ताऱ्यानंतर येणाऱ्या तपासणी आकड्याबद्दलही एक गैरसमज असतो. तो आकडा फक्त डिकोडरपासून पुढे, केबलवर किंवा नेटवर, ओळ बदलली नाही एवढेच सांगतो. हवेत बिट बिघडले का, हे रेडिओ संदेशातल्या १६ बिटांच्या सीआरसी या चूक पकडणाऱ्या आकड्यावरून कळते. ती चाचणी न जुळलेला संदेश चांगला डिकोडर तिथेच टाकून देतो. "दुरुस्त करून" संदेश वाढवणारी सेटिंग्ज काही सॉफ्टवेअरमध्ये असतात. मी ती बंद ठेवतो. कमी जहाजे दिसलेली परवडतात, नसलेले जहाज दिसलेले परवडत नाही.

१८१ अंशाचे कोडे आता सहज सुटते. पृथ्वीवर १८१ रेखांश नाही, ९१ अक्षांशही नाही. जहाजाच्या यंत्राला जीपीएसची जागा मिळत नसेल तेव्हा तिथे हेच आकडे भरायचे असा नियम आहे. तसेच १०२.३ नॉट वेग, ३६० अंश मार्ग आणि ५११ अंश दिशा यांचा अर्थ "उपलब्ध नाही" असाच. हे आकडे नकाशावर काढू नका, पण फेकूनही देऊ नका. एखाद्या जहाजाचा जीपीएस कधी गेला आणि कधी परत आला, हे त्यावरूनच समजते.

नाव न दिसण्याची कारणे दोन. पहिले म्हणजे घाई. नाव स्थानसंदेशात नसतेच, ते ५ क्रमांकाच्या संदेशात येते आणि तो दर सहा मिनिटांनी एकदाच सुटतो. स्थानसंदेश मात्र १४ नॉटपर्यंत वेग असेल तर दर दहा सेकंदांनी, २३ नॉटच्या वर दर दोन सेकंदांनी येतो. दुसरे कारण बहुधा तुमच्या प्रोग्रॅममध्ये आहे. ५ क्रमांकाचा संदेश ४२४ बिटांचा असतो, तो एका ओळीत मावत नाही, दोन ओळींत येतो. दोन्हींवर एकच जोडक्रमांक असतो, तो पाहून पट्टे जोडायचे आणि मगच बिट मोजायचे. शिवाय नावाचा सहा-बिटी तक्ता ओळीच्या तक्त्यापेक्षा वेगळा आहे. ओळीत १ या किमतीचे अक्षर "एक" हा आकडा असतो, तर नावात तीच १ म्हणजे ए. नावाऐवजी विचित्र अक्षरे दिसत असतील तर कारण हेच. छोट्या, म्हणजे ब वर्गाच्या यंत्रांचे नाव २४ क्रमांकाच्या संदेशात येते, तोही सोडवायला हवा.

या ५ क्रमांकाच्या संदेशावर जरा थांबतो, कारण लोक सर्वांत जास्त निष्कर्ष काढतात ते इथूनच. जायचे बंदर, पोहोचण्याची वेळ, पाण्यात बुडालेली खोली हे सगळे माणूस टाइप करतो. मागच्या फेरीचे बंदर तसेच राहून गेलेले जहाज रोज दिसते. पोहोचण्याच्या वेळेत महिना, दिवस, तास, मिनिट आहे, साल नाही. खोलीच्या आकड्यावरून खनिज भरले की नाही हे ओळखता येते, पण खलाशाने आकडा बदलला असेल तरच. जहाजाची स्थितीही हातानेच भरलेली असते, म्हणून बारा नॉटने धावणारे "नांगरलेले" जहाज दिसले तर वेगावर विश्वास ठेवा, स्थितीवर नको. लांबी-रुंदी मात्र नीट समजून घेण्यासारखी आहे. ती चार आकड्यांत येते: जीपीएसच्या अँटेनापासून नाळ (पुढचे टोक), वरामा (मागचे टोक), डावी बाजू आणि उजवी बाजू किती मीटरवर आहे ते. नकाशावरचा ठिपका म्हणजे ती अँटेना. दोनशे मीटरच्या खनिजवाहू जहाजाची अँटेना मागच्या केबिनवर असते, त्यामुळे ओहोटी लागून नांगराभोवती जहाज फिरले की ठिपका कमानीत सरकतो. जहाज जागा सोडून निघाले असा अर्थ लगेच काढू नये.

खरोखर सरकणारे जहाज ओळखणे याहून महत्त्वाचे. ऑक्टोबर २०१९ मध्ये नाफ्ता भरलेले, माणसे नसलेले नु-शी नलिनी हे जहाज वाहत येऊन दोना पावलाजवळ राजभवनाखाली खडकांत अडकले, ते गोव्यात सगळ्यांना आठवत असेल. असे जहाज हलू लागले तर स्थितीचा आकडा बदलायला वर कोणी नसते. यंत्र चालू असेल तर जागा, वेग आणि दिशा हे मोजलेले आकडेच खरे काय ते सांगतात. म्हणून तुमच्या प्रोग्रॅममध्ये इशारा लावायचा असेल तर तो स्थितीवर लावू नका. नांगरलेल्या जहाजाच्या ठिपक्यांभोवती एक वर्तुळ धरा आणि ठिपका त्याबाहेर गेला की इशारा द्या. नांगरलेले अ वर्गाचे, म्हणजे मोठे, जहाज तीन मिनिटांनी एकदा बोलते, तेव्हा एक-दोन मिनिटे काही आले नाही म्हणून त्याला नकाशावरून पुसू नका.

बार्जचा प्रश्न रेडिओचा कमी आणि नियमांचा जास्त. एआयएसची सक्ती सोलास या समुद्रावरील सुरक्षेच्या आंतरराष्ट्रीय करारातून आली: आंतरराष्ट्रीय फेऱ्या करणारी ३०० टनेजच्या वरची जहाजे, देशांतर्गत ५०० टनेजच्या वरची मालवाहू जहाजे आणि सर्व प्रवासी जहाजे. आंतरराष्ट्रीय फेऱ्यांच्या जहाजांना २००४ च्या अखेरपर्यंत, देशांतर्गत जुन्या जहाजांना २००८ पर्यंत मुदत होती. नदीतल्या वाहतुकीला सोलास लागू नाही. त्यामुळे मांडवी-झुआरीतून मुरगावकडे जाणारी, पावसाळ्यात आग्वादची वाळूची दांडी टाळून कुंभारजुव्याच्या कालव्यातून वळणारी बार्ज डोळ्यांना दिसली तरी हवेत गप्प असू शकतात. ज्यांच्यावर ब वर्गाचे यंत्र आहे त्यांची ताकद साधारण २ वॉट, मोठ्या जहाजांची १२.५ वॉट. मच्छीमारांतही २० मीटरपेक्षा लांब ट्रॉलरपुरतीच सक्ती आहे. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद असते, तेव्हा पडद्यावरचे ठिपके कमी झाले तर अँटेनाला दोष देऊ नका. नौदलाच्या जहाजांना तर सक्तीच नाही. त्यांच्यापैकी एखादे दिसलेच तर त्याची जागा कुठेही टाकू नये, ही माझी कळकळीची विनंती.

अँटेनाबद्दल थोडक्यात. डोंगलसोबतची चुंबकी काडी सोडा. १६२ मेगाहर्ट्‌झला प्रत्येकी ४४ सेंटिमीटरच्या दोन तारांचा उभा डायपोल पुरतो. उभाच हवा, आडवा नको. तो गच्चीवर न्या, कारण अंतर उंचीवर ठरते. तुमची अँटेना १० मीटरवर आणि जहाजाची २५ मीटरवर असेल तर साधारण ३३ किलोमीटर, तुमची ६० मीटरवर गेली तर ५० च्या पुढे. पश्चिमेला पठार आडवे असेल तर समुद्राची बाजू गप्पच राहणार. बंदराच्या इतक्या जवळ स्वयंचलित गेन (सिग्नल किती वाढवायचा ते आपोआप ठरवणारी सेटिंग) ठेवू नका, जवळच्या जहाजाच्या जोरदार संदेशाने डोंगल बधिर होतो आणि दूरचे हरवतात. स्वस्त डोंगलची वारंवारता ५० पीपीएमने (दशलक्षात ५० भागांनी) सरकलेली असू शकते, म्हणजे इथे ८ किलोहर्ट्‌झ. वाहिनी २५ किलोहर्ट्‌झची असताना हे फार झाले, दुरुस्ती टाकाच. जोडावर खाऱ्या हवेने गंज चढतो, पावसाआधी त्यावर रबरी टेप गुंडाळा. उन्हाळ्यात समुद्रावरच्या हवेच्या थरांमुळे कधीकधी शेकडो किलोमीटरवरची जहाजे दिसू लागतात. तो डिकोडरचा दोष नसतो.

एक गोष्ट मात्र चुकूनही दुर्लक्षित करू नका. ९७० ने सुरू होणारा क्रमांक संकटातल्या जहाजाच्या किंवा तराफ्याच्या शोधयंत्राचा, ९७२ समुद्रात पडलेल्या माणसाचा, ९७४ आपत्कालीन बीकनचा. सोबतच्या मजकुरात चाचणी असा शब्द असेल तर ठीक. चालू असल्याचा मजकूर असेल तर जागा आणि वेळ लिहून घेऊन ताबडतोब तटरक्षक दलाला १५५४ वर कळवा. क्रमांक ९९ ने सुरू झाला तर तो बोया किंवा दीपस्तंभ, आणि कधीकधी तो नुसताच आभासी असतो, त्या जागी पाण्यात काही नसते.

साठवताना मूळ ओळच साठवा आणि तिच्यापुढे तुमच्या संगणकाची वेळ जोडा. स्थानसंदेशात फक्त सेकंदाचा आकडा असतो, तास आणि तारीख नसते. वेळ न जोडलेली ओळ महिन्याभराने निरुपयोगी होते. पूर्ण तारीख-वेळ ४ क्रमांकाच्या संदेशात येते, तो किनाऱ्यावरचे केंद्र पाठवते आणि त्याचा क्रमांक ००४१९ ने सुरू होतो. तो मिळत असेल तर संगणकाचे घड्याळ त्याच्याशी जुळवून पाहा. तरीही अडले तर अँटेनाची उंची, गेनचा आकडा आणि एका तासाच्या मूळ ओळी द्या, बसून पाहू.