कोकणात दुर्मीळ, स्थानिक झाडं बघायला वनस्पती उद्यान आहे का?

जूनअखेर रत्नागिरी-सिंधुदुर्गात येताय आणि दुर्मीळ झाडं एकाच ठिकाणी बघायची आहेत, असं तुम्ही म्हणताय. पाट्या लावलेली बागच हवी असेल तर सरळ आंबा घाट चढा आणि कोल्हापूर गाठा. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पती उद्यानात कंदीलपुष्पांचा मोठा संग्रह आहे. पण कोकण सोडायचं नसेल तर माझं ऐका, सड्यावर, म्हणजे जांभ्या दगडाच्या उघड्या पठारावर जा. आमच्याकडची खरी बाग तीच, फक्त तिला फाटक नाही.

मे महिन्यात सडा म्हणजे नुसता तापलेला जांभा. पाऊस लागला की कातळातल्या खळग्यांत साचलेल्या जेमतेम मातीतून दिपकाडी वर येते. उभा दांडा, त्याला लांब नळीची पांढरी फुलं. खास कोकणची ही वनस्पती, आणि राजापूर तालुक्यातल्या देवाचे गोठणे गावचा सडा तिच्यासाठी नावाजलेला. फुलं थोडे दिवसच टिकतात. त्यामुळे कॅलेंडर बघून नाही, पाऊस बघून निघायचं. जिथे उतरणार आहात तिथे आधी फोन करून विचारा.

श्रावण-भाद्रपदात आलात तर सीतेची आसवं, गेंद आणि दवबिंदू ही रानफुलं भेटतील. दवबिंदू बघायला मात्र अक्षरशः गुडघे टेकावे लागतात. पानावरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब असतात आणि हमखास एखादं चिलट त्यात अडकलेलं दिसतं. या मातीत नत्र फारच कमी, म्हणून किडे खाऊन भागवायचं. सीतेची आसवं इतकी नाजूक दिसतात, पण तीही त्यातलीच. त्यांचे सापळे खाली ओल्या मातीत दडलेले.

वेळ असेल तर दोडामार्गातलं हेवाळे-बांबर्डेही करा. तिथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे, चिखलातून गुडघ्यांसारखी वर आलेली मुळं बघण्यासारखी. हे जैवविविधता वारसा स्थळ आहे. गावातल्या माणसाला बरोबर घेऊनच आत जा.

सडे बहुतेक खाजगी मालकीचे, तेव्हा विचारून फिरा. खळग्यांत पाय देऊ नका, आणि दिपकाडीचा कांदा उकरून नेण्याचा विचारही नको. ओल्या जांभ्यावर शेवाळ असतं, चप्पल सटकते. चांगल्या पकडीचे बूट आणा.