पुढच्या तपासणीला आत एकट्या जा

प्रश्न : माझे वय 24 असून हे पहिलेच बाळंतपण आहे. आठवा महिना चालू आहे आणि भीतीने रात्ररात्र झोप लागत नाही. पहिलटकरणीला कळा किती तास सोसाव्या लागतात? मला वेदना कमी करणारे इंजेक्शन घेता येईल का? एखादीचा पूर्वी गर्भपात झाला असेल, तर पुढे बाळंतपणात अडचण येते का? तपासणीला सासूबाई सोबत आत असतात आणि डॉक्टरांशी त्याच बोलतात. घरी सगळे माझी खूप काळजी घेतात.

उत्तर : पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे सोपी आहेत. गर्भाशयाचे तोंड 5 सेंटिमीटर उघडल्यानंतरचा जोराच्या कळांचा टप्पा पहिलटकरणीतही सहसा 12 तासांपलीकडे लांबत नाही. त्याआधीच्या येत्या-जात्या कळा मात्र बराच वेळ चालू शकतात. पाठीत दिल्या जाणाऱ्या एपिड्युरलने वेदना बऱ्याच कमी होतात आणि आई जागी राहते. ते तुमच्या दवाखान्यात मिळते का, एवढे विचारून ठेवा.

झोप उडवणारा प्रश्न तिसरा आहे. आधीचे दोन तुम्ही स्वतःसाठी विचारलेत, हा मात्र कुणा परक्या बाईच्या नावावर ढकललात, आणि लगेच पुढच्या ओळीत सासूबाई आल्या. ती बाई कोण, हे मला सांगू नका. डॉक्टरांना मात्र ते सांगावेच लागेल. पूर्वी एकदा गर्भपात झाला म्हणून पुढचे बाळंतपण अवघड जाते असे बहुतेक वेळा होत नाही. तरीही तो कितव्या महिन्यात झाला, क्युरेटिंग म्हणजे गर्भाशयाची सफाई करावी लागली का, नंतर रक्तस्राव किंवा ताप होता का, हे कळले तर बाळामागून पडणारी वार सुटण्यात अडचण येऊ शकते का, याचा विचार डॉक्टरांना आधीच करता येतो, आणि तुमचा रक्तगट आरएच निगेटिव्ह असेल तर आधीची गर्भधारणा कळणे अधिकच गरजेचे ठरते. सध्या केसपेपरवर पहिली खेप असे लिहिलेले असणार, आणि तेही बहुधा सासूबाईंनीच सांगितलेले. त्या प्रेमळ असतीलही, पण तपासणी तुमची आहे आणि तिथे त्यांचे काही काम नाही.

तेव्हा तपासणीच्या आदल्या दिवशी दवाखान्यात फोन करा आणि डॉक्टरांशी दहा मिनिटे एकटीने बोलायचे आहे, असे नर्सला सांगून ठेवा. म्हणजे सासूबाईंना बाहेर थांबायला तीच सांगेल आणि तुम्हाला वाईटपणा घ्यावा लागणार नाही. त्यांना राग आला तर येऊ द्या. आत गेल्यावर हवापाण्याच्या गप्पा न मारता पहिलेच वाक्य हे बोला : "मला पूर्वी दिवस गेले होते, हे घरी ठाऊक नाही आणि कळायलाही नको." डॉक्टरांवर गुप्ततेचे बंधन असते, परंतु फाइल घरात कोणीही चाळू शकते, म्हणून ही नोंद कुठे आणि कशी करायची तेही त्याच वेळी ठरवून घ्या.

आणखी एक सांगायला हवे. कळा सुरू झाल्यावर प्रसूतीच्या खोलीत जी कोणी डॉक्टर किंवा नर्स ड्युटीवर असेल, ती ही सारी चौकशी पुन्हा करू शकते, आणि त्या वेळी शेजारी कोण उभे आहे याला महत्त्व आहे. तिथे सोबत कोणाची हवी हे त्या स्त्रीनेच ठरवावे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या 2018 च्या शिफारशीतही आहे. ज्या माणसासमोर तुम्ही खरे उत्तर देऊ शकाल, त्याचेच नाव त्या दहा मिनिटांत सांगून ठेवा.